पाणी देणे आणि पाणी घेणे : ‘स्मृतिचित्रे’तील आचरणाचा इतिहास

वणी हे नाव आज यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याचे आहे. कोळशाच्या खाणींमुळे ते बाहेरच्या लोकांच्या कानावर पडलेले असते. परंतु १९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्यालाच सरकारी दप्तरात ‘वूण’ म्हणत, आणि वूण म्हणजेच आमची वणी. या जिल्ह्याच्या इतिहासात ख्रिस्ती धर्माचे पान कोणी उघडू लागला, तर त्याला प्रथम संस्था भेटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेले अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशन भेटते. पांढरकवड्याच्या बाजूला उमरीचा ख्रिस्ती दवाखाना भेटतो. १९५३ मध्ये यवतमाळला उभी राहिलेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी भेटते. संस्थांचा इतिहास असा सनावळीत बसवता येतो. पण धर्म काही केवळ संस्थेत राहत नाही. तो घरात राहतो, चुलीपाशी आणि पाण्याच्या रांजणापाशी राहतो. एखाद्या माणसाने नवी श्रद्धा स्वीकारली म्हणजे त्याच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके काय बदलते, हा प्रश्न विचारला की सनावळी मुकी होते.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत तपशीलवार उत्तर ज्या पुस्तकात आहे, ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. मात्र ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून क्वचितच वाचले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. वर्गात आपण ते आत्मचरित्राचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातला विनोद, निरागस निवेदन, लहरी कवी आणि त्याची संसारी पत्नी यांचे नाते, बोलभाषेचा गोडवा या मुद्द्यांवर टिपणे देतो. हे सारे खरेच आहे. परंतु काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर वणीतल्या एका वर्गात हे पुस्तक शिकवीत असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बाई कोणाच्याही हातचे पाणी प्यायला लागल्या हे कळले. पण ज्यांच्या हातचे प्यायल्या, त्यांचे काय झाले?” त्या तासाला मला धड उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या निमित्ताने केलेला विचार आहे.

या कथेची सुरुवात आपल्याच मुलखातून होते. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे जन्माने कोकणचे, तरी त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते नागपुरात आणि नागपूरच्या पुढच्या रेल्वेमार्गावर. १८९०च्या दशकाच्या आरंभी ते नागपुरात वाङ्मयीन कामात होते. तेथून राजनांदगावला नोकरीसाठी जात असताना गाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले, आणि त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यात झाली. टिळकांचा हा प्रवास बुद्धीचा आणि भावनेचा होता. वाचन, चिंतन, वादविवाद, पत्रव्यवहार अशा मार्गाने तो झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला असा पूल नव्हता. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून. ख्रिस्ती मतांची चिकित्सा करून त्यांनी काही ठरवावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. नवरा बाटला, ही बातमी त्यांच्यापर्यंत आली ती एका कोसळलेल्या संसाराच्या रूपाने. पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपुरासारख्या क्षेत्रात राहिल्या. नवरा हयात, पण संसार नाही, अशी ती स्थिती होती. नवऱ्याच्या नव्या श्रद्धेविषयी त्यांना प्रश्न पडले ते तत्त्वज्ञानाचे नव्हते. त्यांच्याकडे जेवायचे कसे? त्यांच्या घरातले पाणी प्यायचे कसे? मुलाला तेथे ठेवायचे कसे? सगळा वाद स्वयंपाकघरात येऊन थांबला होता.

हा वाद त्यांच्यासाठी किती खोल होता हे समजण्यास पुस्तकाचा आरंभ पुन्हा पाहावा. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते ते टिळकांपासून नव्हे, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिले. त्या आघातानंतर वडिलांच्या मनाने विटाळाची अशी धास्ती घेतली की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा, असा नियम झाला. आपण हा भाग वर्गात वाचतो तेव्हा मुले हसतात, आणि लक्ष्मीबाईंनीही तो हसत हसतच लिहिला आहे. पण त्या हसण्याखाली एक निदान आहे. राज्य गेले, माणूस गेला, बाहेरच्या जगावर आपली काही सत्ता उरली नाही, तेव्हा माणूस घराचा उंबरठा आणखी घट्ट आवळून धरतो. स्वच्छतेच्या त्या खटाटोपात भीती होती. या भीतीच्या छायेत वाढलेली मुलगी पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यायला लागते, याचा अर्थ तिने केवळ एक रूढी टाकली एवढाच होत नाही. वडिलांच्या घरातली भीती तिने संपवली.

हे एका दिवसात झाले नाही, आणि ‘स्मृतिचित्रे’चे ऐतिहासिक मोल या सावकाशपणात आहे. टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. लक्ष्मीबाई अखेर तेथे गेल्या, तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन चुली होत्या. टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही. धर्मांतराची आपल्याकडची बहुतेक वर्णने ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन कप्प्यांत असतात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मवृत्तदेखील मुख्यतः विचारांच्या पालटाची हकीकत सांगते. लक्ष्मीबाई मात्र मधला काळ सांगतात. हा मधला काळ म्हणजे सवयी आणि श्रद्धा यांची रोजची ओढाताण. मनाला पटलेले हाताला पटत नाही, आणि हाताला जमले तरी घशाखाली उतरत नाही. आचरणाचा इतिहास लिहायचा तर तो याच मधल्या जागेचा लिहावा लागतो.

या मधल्या काळात एक निर्णायक क्षण आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःशीच सोडवू लागल्या. विचाराअंती त्यांनी ठरवले की हा भेद माणसाने केलेला आहे, आणि मग तो पाळण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आपली हरकत नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, या निर्णयाच्या नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या सर्वांच्या हातचे पाणी पिऊ लागल्या, असे घडले नाही. आचरण आधी पालटले. संस्काराने त्यावर शिक्कामोर्तब केले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा क्रम उलटा वाटेल, पण माणसे बहुधा अशीच बदलतात.

येथे त्या काळच्या ख्रिस्ती समाजाची घडण ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पाय रोवला. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यामुळे टिळकांसारख्या ब्राह्मण कुटुंबाला ख्रिस्ती होणे म्हणजे प्रत्यक्षात या माणसांच्या पंक्तीला बसणे होते. देव एक आहे असे म्हणणे टिळकांना किंवा लक्ष्मीबाईंना अवघड नव्हते. वारकरी परंपरेत वाढलेला कोणताही मराठी माणूस ते सहज म्हणतो. अवघड होता तो शेजाऱ्याने भरून दिलेला तांब्या.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. पाणी देणे आणि पाणी घेणे या दोन क्रिया आपण एकाच मापाने मोजतो. तशा त्या नाहीत. दान हे आपल्या समाजाला नवे नव्हते. उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्यकर्म होते, आणि पाणपोईवरचा सवर्ण माणूस दलिताच्या ओंजळीत वरून पाणी ओततही असे. त्या ओतण्याने सोवळे मोडत नाही. उलट देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंड पक्की होते. १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ती याहून निराळी गोष्ट होती. वरून ओतण्याऐवजी त्यांनी स्वतः भरून घेण्याचा हक्क मान्य केला. तरीही पाणी फुल्यांचे होते आणि येणारे दुसरे होते. संत एकनाथांच्या चरित्रकथांत नाथ महाराच्या घरी जेवायला जातात, ती कथा याच्या पुढचे पाऊल टाकते. तेथे नाथ घेणारे आहेत. शतकानुशतके ती कथा कीर्तनातून सांगितली गेली. ऐकणाऱ्यांनी नाथांना नमस्कार केला आणि आपापल्या घरचे सोवळे जसेच्या तसे ठेवले.

शुभवर्तमानातही पाण्याची अशीच एक कथा आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू दुपारच्या वेळी विहिरीपाशी थकून बसलेला आहे. शोमरोनी जातीची एक स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, आणि तीच चकित होऊन विचारते की तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता? पुढे जिवंत पाण्याविषयी जे गहन संभाषण होते ते आपण सारे वाचतो. पण संभाषणाला सुरुवात मागण्याने झाली हे निसटून जाते. उपदेश करणारा आधी गरजू झाला. महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रसंगाचे भाष्य लागत नाही. विहीर, दुपार, भांडे आणि जात, सगळे ओळखीचे आहे. लक्ष्मीबाईंनी जे केले ते या प्रसंगाचे आचरण होते, मग करताना त्यांना तो अध्याय आठवला असो वा नसो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण शेजारी ठेवले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तेथे त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, पण मांसाहार स्वीकारला नाही. अंडी घातलेला पदार्थही त्या खात नसत, आणि त्यावरून त्यांच्या मिशनरी हितचिंतकांशी त्यांचे खटके उडाले. श्रद्धा ख्रिस्ताची, ताट मात्र आपले, हा त्यांचा आग्रह होता. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेल्या आणि पुढे पुण्यास नेलेल्या शारदा सदनात हिंदू विधवांना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्या उघड्या दारावरून १८९३ मध्ये केवढे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ कसे सोडले, हे सर्वज्ञात आहे. दार लावावे की उघडे ठेवावे, ही किती लहान बाब! परंतु श्रद्धेची कसोटी अशाच लहान बाबींत लागते. एकीने ताट बदलले नाही आणि दार उघडे ठेवले. दुसरीने ताट बदलले आणि हळूहळू घरच उघडे केले. ख्रिस्ती आचरणाचा एकच साचा असतो या समजाला या दोघी पुरेसे उत्तर देतात.

लक्ष्मीबाईंचे घर उघडे झाले म्हणजे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १८९९-१९००च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला, आणि वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. अनाथ मुलांची रीघ लागली. टिळकांच्या घरात अशी अनेक मुले आली, राहिली, वाढली. पुढे बालकवी ठोमऱ्यांसारखा तरुण कवीही त्याच घराच्या आश्रयाला होता. टिळकांना माणसे घरी आणण्याचा उत्साह अपार होता, आणि पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. त्या माणसांसाठी पीठ, मीठ, अंथरूण-पांघरूण कोठून आणायचे हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. साहित्याच्या इतिहासात हे घर टिळकांचे म्हणून नोंदले गेले आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात स्थान होते. ही कल्पना टिळकांची खरी; पण तसा दरबार त्यांच्या स्वयंपाकघरात त्याआधी कितीतरी वर्षे भरत होता, आणि तेथे कोणाची जात विचारली जात नव्हती. कल्पनेचे श्रेय नोंदले जाते. रोज चूल पेटवणाऱ्याचे सहसा नोंदले जात नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहिले गेले नसते तर येथेही ते झाले नसते.

तरीही विद्यार्थिनीचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, आणि तो सुटला असे भासवणे अप्रामाणिक ठरेल. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले, त्यामुळे त्या मोकळ्या झाल्या. ज्यांनी दिले त्यांचे बोल मात्र त्यांच्या पुस्तकात लक्ष्मीबाईंच्या तोंडूनच येतात. त्या माणसांना त्या क्षणी काय वाटले असेल? अभिमान, संकोच, की आता हिला पाणी प्यायला जमले याचे एवढे कौतुक कशाला, असा मनातला प्रश्न? ख्रिस्ती होऊनही जातीची आठवण मंडळीत टिकून राहते, हे दलित ख्रिस्ती लेखकांनी पुढे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. लग्न जुळवताना, पंक्ती बसवताना, कधी दफनभूमीतही ती वर येते. एका ब्राह्मण स्त्रीच्या घोटभर पाण्याने ही व्यवस्था मोडली नाही.

या संदर्भात एका तारखेकडे लक्ष वेधावेसे वाटते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीने घेतले. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. म्हणजे १९००च्या आसपास एका घरात घडलेली पाण्याची गोष्ट मराठी वाचकांच्या हाती पडली ती महाडनंतर. पहिल्या वाचकांनी ती वाचली तेव्हा पाणी हा साधा कौटुंबिक विषय राहिलेला नव्हता. महाडला ज्यांनी पाणी घेतले त्यांनी कोणाकडे मागितले नाही; आपल्या हक्काचे घेतले. लक्ष्मीबाईंनी घेतले ते आपला हक्क सोडून, म्हणजे वर बसण्याचा जन्मजात हक्क सोडून. या दोन कृतींची बरोबरी करू नये. पहिल्या कृतीवाचून समाज बदलत नाही, हे उघड आहे. पण पहिली कृती यशस्वी व्हायची तर दुसरी घराघरात घडावी लागते, हेही तितकेच खरे. कायद्याने तळे खुले होते. घरातला माठ खुला होण्यासाठी घरातल्याच माणसाला हात पुढे करावा लागतो.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज मी असे सांगेन : ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाई प्यायल्या, त्यांचे काय झाले ते या पुस्तकात शोधू नये. ते शोधण्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तके वाचावी लागतील, आणि अभ्यासक्रमात ती एकमेकांच्या शेजारी ठेवावी लागतील. ‘स्मृतिचित्रे’ त्या प्रश्नाचा अर्धा भाग सांगते. वरच्या पायरीवर जन्मलेल्या माणसाला खाली उतरताना काय काय सोडावे लागते, किती दिवस लागतात, कितीदा मागे फिरावेसे वाटते, हा तो अर्धा भाग आहे, आणि तो इतक्या प्रामाणिकपणे मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितला असेल.

त्या तासानंतर वर्गाबाहेरच्या माठापाशी मुलांची नेहमीची गर्दी होती. एकच पेला हातोहात फिरत होता. कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याकडे कोणी पाहत नव्हते. यांतली किती मुले घरी गेल्यावरही तसे पाहत नसतील, हे मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी आरंभ टिळकांच्या लहरीपणापासून करणार नाही. धुतलेल्या मिठापासून करीन.